गरम पाण्याची धार पुन्हा पुन्हा बारीक होते तेव्हा

गार पाण्याचा नळ सोडला की बादली भराभर भरते आणि त्याच मिक्सरची, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाची, गरम बाजू सोडली की करंगळीएवढी धार. प्लंबर येतो, काहीतरी खोलतो, फुंकतो, धुतो, धार पुन्हा जोरात लागते. तीन आठवडे जातात आणि परत तेच. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरात हा प्रकार दीड वर्ष चालला. घर कौलारू, न्हाणीघर तेवढं स्लॅबचं, स्लॅबवर ५०० लिटरची टाकी आणि आत भिंतीला २५ लिटरचा गिझर. अशी घरं कोकणात गावोगाव आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. त्या दीड वर्षात आम्ही शॉवर बदलला, मिक्सर बदलला, शेवटी धडधाकट गिझर काढून नवा बसवला. नव्या गिझरचीही धार अठराव्या दिवशी बारीक झाली.

उलगडा झाला तो आईच्या कॅलेंडरमुळे. सिलिंडर कधी लावला, दुधाचा खाडा कधी, लाइट कधी गेली, सगळं ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटींत पेन्सिलीने लिहिते. मधूनमधून ‘न्हाणीत पाणी बारीक’ असंही लिहिलेलं होतं. एका दुपारी मी मागची पानं उलटत बसलो. पाच ठिकाणी ‘पाणी बारीक’ सापडलं, आणि त्यातल्या चार ठिकाणी आदल्या चौकटीत ‘दिवसभर लाइट नाही’ होतं. लाइट नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, पंप नाही म्हणजे संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी, आणि टाकी कोरडी झाली की पाइपात हवा शिरते. आम्ही गिझरकडे बघत बसलो होतो आणि दुखणं टाकी ते गिझर या मधल्या पाइपात होतं. पाचवी नोंद वेगळी निघाली, तिच्याकडे पुढे येतो.

तुमच्याकडेही धार पुन्हा पुन्हा बारीक होत असेल, तर पान्हा हातात घेण्याआधी तारखा लिहायला लागा. ती कशानंतर बारीक होते, एकदम होते की हळूहळू, हे कळलं की अर्धा शोध तिथेच संपतो.

दाब येतो कुठून

गिझर पाण्याला दाब देत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवलं पाहिजे. आमच्या जुन्या तांब्याच्या बंबात वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. साठवणीचा गिझर अगदी तसाच चालतो. गार पाणी तळाशी शिरतं आणि वर साठलेलं गरम पाणी ढकलतं. ढकलण्याचा जोर असतो तो टाकीच्या उंचीचा. साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब मिळतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन-तीन किलो दाब सहज असतो. आपल्याकडे न्हाणीघराचा स्लॅब नऊ फुटांवर, टाकी थेट त्यावर टेकवलेली आणि शॉवर पावणेसात फुटांवर. म्हणजे टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम सव्वादोन फूट. टाकी काठोकाठ भरली असली तरी शॉवरला पाव किलो दाबही मिळत नाही, आणि टाकी तळाला गेली की तो किलोच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो.

एवढ्याशा दाबावर चालणाऱ्या पाइपात थोडी हवा, थोडा गाळ किंवा एखादा ताठ स्प्रिंगचा व्हॉल्व्ह पुरतो. शहरातल्या नळाला जो अडथळा कळणारही नाही, तो आपल्याकडे आंघोळ थांबवतो. व्होल्टेजचा याच्याशी काही संबंध नाही. व्होल्टेज कमी असेल तर पाणी उशिरा तापेल, पण धार बारीक होणार नाही.

अडथळा नेमका कुठे आहे

दहा लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. एकाच मिक्सरवर आधी गार, मग गरम पाणी पूर्ण सोडून दोन्ही वेळ मोजा. आमच्याकडे गार पाण्याला ३५ सेकंद लागले आणि गरमला जवळजवळ तीन मिनिटं. दोन्ही सारखेच हळू असतील तर गिझरचा विषय सोडा. टाकी, टाकीचा व्हॉल्व्ह किंवा नळाची जाळी बघा. फक्त गरम बाजू हळू असेल तर मार्ग अर्ध्यावर तोडून बघायचा, म्हणजे गिझरच्या आधी अडतंय की नंतर, हे कळतं.

पण त्याआधी गिझरचा एमसीबी, म्हणजे त्याची वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, पाडा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागणार नाही. आपल्याकडच्या ओलीत बोर्डावर विश्वास ठेवू नका. आतलं पाणी कोमट होईपर्यंत थांबा. मग गिझरच्या गरम बाजूची, म्हणजे लाल खुणेची लवचीक नळी सोडवून तिथे बादली धरा आणि गार बाजूचा अँगल कॉक, म्हणजे नळी भिंतीला जोडलेली असते तिथला छोटा कॉक, उघडा. तिथे धार जोरात असेल तर दोष पुढे आहे, मिक्सरमध्ये, शॉवरमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपात. तिथेही धार बारीक असेल तर कॉक बंद करा, निळ्या खुणेची, गार पाणी आत आणणारी नळी सोडवा आणि तीच चाचणी तिथे करा. दहा मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय कुणी नवा गिझर घ्यायला सांगितला तर ऐकू नका. आम्ही ऐकलं आणि पैसे गेले.

टाकी रिकामी झाल्यानंतर बारीक होत असेल तर

ही हवा. आमच्या घरात टाकीतून आलेला पाइप स्लॅबखाली उतरतो, मग दाराची चौकट चुकवण्यासाठी पुन्हा हातभर वर चढतो आणि पलीकडे गिझरकडे खाली येतो. चौकटीवरचा हा उंचवटा म्हणजे हवेची बसायची जागा. टाकी भरली की पाणी दोन्ही बाजूंनी चढतं, पण उंचवट्याच्या डोक्यावरची हवा अडकून राहते आणि तिच्याखालच्या चिंचोळ्या फटीतून पाणी झिरपत जातं. दाब जास्त असता तर ती हवा फेकली गेली असती. सव्वादोन फुटांच्या जोरावर ती हलत नाही. गार पाण्याची लाइन वेगळी आणि सरळ खाली उतरणारी आहे, म्हणून तिला काही होत नव्हतं.

तात्पुरता उपाय सोपा आहे. टाकी काठोकाठ भरू द्या, एमसीबी पाडा, गिझरकडे जाणारी गार पाण्याची नळी सोडवून बादलीत धरा आणि कॉक झटक्यात पूर्ण उघडा. आधी बारीक धार येते, मग फस्स-फस्स करत तुटक पाणी आणि शेवटी एकदम भरगच्च लोट. कॉक तीन-चारदा बंद-चालू करा. हवा गेल्याचं हाताला कळतं, नळी थरथरायची थांबते.

कायमचा उपाय म्हणजे उंचवटाच नको. टाकीपासून गिझरपर्यंत पाइप सतत उतरता ठेवा, भले तो थोडा लांबून फिरवावा लागला तरी चालेल. आमच्याकडे चिऱ्याची भिंत फोडायची नव्हती, म्हणून उंचवट्याच्या सगळ्यात वरच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवली आणि तिथून अर्ध्या इंचाची हवेची नळी वर नेली, टाकीच्या झाकणापेक्षा फूटभर उंच. तोंड खाली वळवलं आणि त्याला बारीक जाळी बांधली. त्या नळीची उंची टाकीतल्या पाण्याच्या वर गेलीच पाहिजे, नाहीतर टाकी भरली की पाणी तिथूनच वाहायला लागेल. हे काम झाल्याला चौदा महिने झाले. लाइट तशीच जाते, टाकीही दोनदा कोरडी पडली, पण कॅलेंडरवर त्या कारणाने एकही नोंद आलेली नाही.

हळूहळू, आठवड्याआठवड्याने बारीक होत असेल तर

आईची पाचवी नोंद मे महिन्यातली होती आणि तेव्हा लाइट गेलेली नव्हती. त्या वेळी गिझरच्या आधीचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, खोलून मी उजेडाकडे धरला. आरपार दिसायला हवं होतं ते दिसेना. आतली झडप अर्ध्यावर अडकली होती आणि तिच्या बिजागरीत केशरी-तांबडा मऊ चिखल बसला होता, ओल्या गेरूसारखा. बोटावर घेतला तर चुरचुरत नाही, नुसता पसरतो, आणि वास लोखंडाचा. तो धुतल्यावर झडप टिकटिक वाजायला लागली आणि धार पूर्ववत झाली.

हा चिखल जांभ्याचा आहे. आपल्या विहिरी जांभा फोडून खणलेल्या, आणि जांभ्यात लोह भरपूर. विहिरीतून पाणी काढताना ते स्वच्छ दिसतं. टाकीत हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी तळाला जातं तेव्हा पंप खालचा गाळही ओढतो. पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाणी विहिरीत उतरतं, तेव्हा पुन्हा तेच. म्हणून ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास येते, पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि लगेच नंतर. घाटावरच्या गावांत गिझरमध्ये पांढऱ्या क्षाराचा थर धरतो असं वाचून बरेचजण क्षार काढायची पावडर आणतात. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ असतं, त्यामुळे आपला शत्रू तांबडा आहे. अगदी वाळूच्या पट्ट्यातल्या, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यातून झिरपणाऱ्या विहिरींचं पाणी मात्र जड असू शकतं. तिथे जाळीवर पांढरा खरखरीत थर दिसेल. आधी रंग बघा.

एनआरव्ही धुतला, शॉवर आणि नळाच्या जाळ्या धुतल्या, की धार येते. पण गाळ वरून येतच राहणार, म्हणून खरं काम टाकीवर आहे. टाकीची जोडणी अगदी तळाशी असते, त्यामुळे तळाचा सगळा चिखल पाइपात उतरतो. जोडणीच्या आतल्या बाजूने एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणि त्यावर पाइपाचा चार इंचांचा उभा तुकडा बसवा, म्हणजे वरचं नितळ पाणी जाईल आणि खाली चार इंच गाळाला जागा राहील. त्या गाळासाठी तळाशी वेगळा धुण्याचा कॉक हवा, तो महिन्यातून एकदा मिनिटभर सोडायचा. पहिल्यांदा सोडाल तेव्हा अंगणात तांबडा ओघळ जाईल. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपावर जाळीचा फिल्टर लावायचा असेल तर एक इंचाचा मोठा घ्या आणि हाताला पोचेल अशा ठिकाणी लावा. लहान फिल्टर लावला तर तोच नवा अडथळा होतो, आणि शिडी लागणारा फिल्टर कुणी साफ करत नाही.

जाळ्यांवरचा गंज नुसत्या ब्रशने जात नाही. गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा. घरात ते नसेल तर जुन्या आमसुलांचं पाणी घ्या. तांब्याचा बंब आणि घंगाळ आपण त्यानेच तर लख्ख करायचो. चकाकीचा मुलामा असलेल्या शॉवरला मात्र रात्रभर भिजत ठेवू नका.

एनआरव्हीबद्दल आणखी एक. गिझरबरोबर येतो त्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा एनआरव्हीची सोय आत असते. प्लंबर सवयीने पाइपावर आणखी एक लावतात, तोही स्प्रिंगचा. स्प्रिंग दाबून उघडायलाच थोडा दाब खर्च होतो आणि आपल्याकडे दाब आहेच किती! आमच्या पाइपावरचा जास्तीचा एनआरव्ही मी काढून टाकला, बादलीचा वेळ पन्नास सेकंदांवरून चाळीसवर आला. सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका. पाणी तापताना त्यातून थेंब-थेंब गळतं म्हणून काहीजण त्याचं तोंड बुच मारून बंद करतात. हे जिवावर बेतणारं आहे. २५ लिटर पाणी ६०-६५ अंशांपर्यंत तापलं की ते साधारण दोन पेले फुगतं, आणि ते फुगलेलं पाणी बाहेर पडायला तोच एक मार्ग आहे. त्या थेंबांसाठी खाली बारीक नळी लावून मोरीत सोडा.

नळ उघडल्यावर आधी जोर असतो आणि पाणी कढत येऊ लागलं की धार बारीक होत जाते, असं असेल तर जुन्या पद्धतीच्या नळातलं रबरी वॉशर बदला. ते उष्णतेने फुगतं. आणि गरम लाइनला कुणी साधा पीव्हीसी पाइप वापरला असेल तर तो बदलायलाच हवा. तो गरम पाण्याने मऊ पडतो, दोन क्लिपांच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो, एका झोळीत गाळ आणि पुढच्या उंचवट्यावर हवा. गरम लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा पाइप, हवा. शक्य असेल तर टाकीपासून गिझरपर्यंत पाऊण इंची घ्या. अर्ध्या इंचीपेक्षा त्यातल्या पाण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट असतं.

सोलर असेल तर

आमच्या काकांकडे काचेच्या नळ्यांचा सोलर आहे, आणि त्यांची तक्रार चमत्कारिक होती. गरम पाणी यायचं, थांबायचं, घशात अडकल्यासारखा आवाज करायचं, पुन्हा यायचं. वर चढून बघितलं तर सोलरच्या टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, बोटभर लांब, पक्कं. हवेची नळी बंद झाली की नळ सोडल्यावर टाकीत पोकळी तयार होते आणि पाणी मागे खेचलं जातं. अशा वेळी आतली पातळ पत्र्याची टाकी पिचकूही शकते. तारेने माती काढली, तोंड खाली वळवून जाळी बांधली. पाऊस सरला की दर वर्षी ते बघायचं असं काकांनी आता ठरवून घेतलंय.

सोलरच्या काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या पडल्या असतील तर दुपारी त्यांत पाणी सोडू नका. आत तापमान खूप चढलेलं असतं, गार पाणी लागलं की काच तडकते. पहाटे भरा.

पंप लावावा का

सगळं साफ असून धार कमीच असेल तर ती उंचीची कमतरता आहे. माझं मत टाकी उचलण्याच्या बाजूने आहे. चिऱ्यांचा तीन फुटांचा चौथरा बांधला की आमच्यासारख्या घरात टाकी तळाला गेली असतानाचा शॉवरचा दाब दुपटीहून वाढतो, आणि लाइट नसतानाही तो मिळतो. पण ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन. चौथरा स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीच्या डोक्यावर यायला हवा, आणि गवंड्याला आधी दाखवा. टाकी पट्ट्यांनी बांधा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे आणि कौलांबरोबर टाक्याही उडाल्या.

दाब वाढवणारा पंप बसवायचाच असेल तर गिझरच्या पाटीवर तो किती दाब सोसतो ते वाचा. उघड्या हवेच्या नळीच्या सोलरला टाकीच्या आधी असा पंप चालत नाही, पाणी हवेच्या नळीतून कौलांवर पडेल. आणि फक्त गार बाजूला पंप लावला तर मिक्सरमध्ये गार पाणी गरम लाइनला दाबून धरतं, गरम धार आणखी बारीक होते. हे मी दोन घरांत पाहिलंय.

बंद घर गणपतीला उघडताना

मुंबईहून येणाऱ्यांची तक्रार हीच असते, दर वर्षी, पहिल्याच दिवशी. घर महिनोन्महिने बंद, पाइपातलं पाणी जागच्या जागी उभं, एनआरव्हीची झडप गंजून चिकटलेली. आल्याआल्या न्हाणीत जाऊन गिझर लावू नका. आधी टाकी धुवा आणि भरू द्या. शॉवर आणि नळांच्या जाळ्या काढून ठेवा. गिझरकडे जाणारी नळी सोडवून तांबडं पाणी संपेपर्यंत बादल्या भरा, ते पाणी माडांना घाला. एनआरव्हीवर पान्ह्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा, बहुतेक वेळा झडप सुटते. मग नळी जोडा आणि गरम नळ उघडा ठेवून गिझर भरू द्या. आधी नुसती हवा येईल, मग तुटक पाणी, मग अखंड धार. ती धार दोन-तीन मिनिटं सलग चालू राहिली की नळ बंद करा आणि तेव्हाच एमसीबी वर करा. रिकाम्या गिझरमध्ये कॉइल चालू झाली तर ती काही मिनिटांत जळते, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती बदलून द्यायला कुणीही मोकळा नसतो.